कोटी आणि चूक: ‘द डिमॉलिश्ड मॅन’मधले दोन वेगळे खेळ

“त्याला ठाण्यात ठेवलंय.” हे वाक्य ऐकणारा क्षणभर थबकतो. शहरात ठेवलंय, पोलिसांकडे की मनोरुग्णालयात? ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. त्यामुळे ‘याला ठाण्याला पाठवा’ हा टोमणा महाराष्ट्रभर चालतो, फारसा सभ्य नसला तरी. बोलणाऱ्याला सगळे अर्थ ठाऊक असतात आणि ऐकणाऱ्यालाही ते कळावेत अशी त्याची इच्छा असते, म्हणून ही कोटी. आता समजा, कुणाला ‘ठाण्याला या’ असा निरोप आला आणि त्याने तो ‘येऊ नका’ असा वाचला. अक्षरं स्वच्छ, डोळे ठीक, तरी वाचलं उलटं. याला कोटी म्हणता येत नाही. ही मनाने केलेली चूक आहे आणि ती करणाऱ्याला तिचा पत्ताही नसतो.

दोन्हींत एकाच शब्दामागे दोन अर्थ उभे असतात, म्हणून त्यांची गल्लत होते. मनोविश्लेषक फ्रॉइडने मात्र त्यांच्यावर वेगवेगळी पुस्तकं लिहिली: रोजच्या चुकांवर १९०१ मध्ये, विनोदावर १९०५ मध्ये. चुकांच्या पुस्तकात ऑस्ट्रियाच्या संसदेचे एक अध्यक्ष येतात. बैठक सुरू करताना ‘बैठक संपली’ असं ते जाहीर करून बसले. त्यांना कोटी करायची नव्हती, बैठकच नको होती.

अमेरिकी विज्ञानकथाकार आल्फ्रेड बेस्टर यांच्या ‘द डिमॉलिश्ड मॅन’मध्ये हे दोन्ही खेळ शेजारी शेजारी चालतात. ही कादंबरी १९५२ मध्ये ‘गॅलक्सी’ मासिकात क्रमशः आली आणि १९५३ मध्ये विज्ञानकथांसाठीचा, कादंबरी विभागातला पहिलावहिला ह्यूगो पुरस्कार तिला मिळाला. काळ चोविसाव्या शतकाचा. समाजात मनकवडे असल्याने सत्तरेक वर्षांत एकही खून पचलेला नाही. अशा जगात बेन राइक हा उद्योगपती आपला प्रतिस्पर्धी डिकोर्टनी याचा खून करायला निघतो. (पुढे रहस्य फुटणार आहे. वाचायची असेल तर आधी वाचून या.)

कोट्या पानापानावर दिसतात. पात्रांची आडनावंच पाहा: @किन्स, विग&, ¼मेन. चिन्हाचा इंग्रजी उच्चार केला की ॲटकिन्स, विगँड, क्वार्टरमेन अशी नावं मिळतात. डोळ्यांनी वाचलं तर अडखळायला होतं, मोठ्याने वाचलं तर सुटतं. मराठीत हा खेळ करायचा तर आपली आडनावं तयारच आहेत: ७पुते, ८पुत्रे, ९रे, आणि ¼मेनला थेट जोड म्हणून ¼गी, म्हणजे पावगी. १०००बुद्धे मात्र फसतं. आकडा पाहून वाचक ‘हजार’ म्हणतो, आपल्याला हवं असतं ‘सहस्र’. ८पुत्रेंनाही तोच धोका आहे, ‘आठपुत्रे’ होण्याचा. आकड्याचा तोंडात बसलेला उच्चार आणि आडनावातला उच्चार एकच असेल तरच गंमत जमते.

खटल्याचा निकाल सांगणाऱ्या संगणकाचं नाव मोझेक, लाडाचं नाव मोझ. त्यात ज्यूंना धर्मशास्त्र देणारा मोझेस डोकावतो. राइक या जर्मन शब्दाचा अर्थ साम्राज्य. हे सगळं लेखकाने जाणूनबुजून पेरलेलं आहे. कळलं तर मजा, नाही कळलं तरी कथानक अडत नाही.

जाहिरातीचं गाणं मात्र कोटीच्या पुढे जातं. मनकवड्यांपासून विचार लपवायला राइक एका गाणं रचणाऱ्या बाईकडून डोक्यातून न जाणारी चाल घेतो. आठपासून एकपर्यंत उलटी मोजणी, मग ‘टेन्सर’ या एकाच उच्चाराच्या दोन शब्दांचा (एक म्हणजे ‘अधिक ताणलेला’, दुसरा गणितातली संज्ञा) खेळ, शेवटी ‘टेन्शन’च्या यमकांची माळ. भाषांतर करताना इथे अर्थाला चिकटून राहिलात तर गाणं मरतं. गणितातल्या टेन्सरला आपल्याकडे ‘प्रदिश’ म्हणतात, पण ‘प्रदिश’ काही कुणाच्या डोक्यात घुमणार नाही. टेन्सर तसाच ठेवावा, टेन्शन तर मराठीच झालंय, आणि ठेका जपावा. घुमत राहणं हेच त्या गाण्याचं काम आहे.

ही ढाल किती खोल पुरते, हे मनकवड्यांच्या तीन वर्गांवरून कळतं. तिसऱ्या वर्गाला जाणिवेतले विचार दिसतात, दुसऱ्याला त्याखालचा थर, आणि पहिल्या वर्गाला थेट नेणीव, म्हणजे माणसाला स्वतःलाही न कळणारं मन. कोटी सगळ्यात वरच्या, जाणिवेच्या थरात राहते, गाणंही तिथेच. चूक तळात असते.

आणि ही चूक पहिल्याच प्रकरणात घडते. राइक डिकोर्टनीला सांकेतिक संदेश पाठवून भागीदारी सुचवतो. उत्तर येतं: डब्ल्यूडब्ल्यूएचजी. राइक वाचतो ‘प्रस्ताव फेटाळला’ आणि खुनाला कारण मिळतं. सांकेतिक शब्दांची यादी मात्र वाचकासमोर छापलेली असते आणि तिच्यात या अक्षरांपुढे लिहिलंय ‘प्रस्ताव मान्य’. @ आणि & सोडवण्यात गुंतलेले आपणही ही ओळ ओलांडून जातो. आमच्या मते कोट्यांचा खरा उपयोग हाच: चमकदार अक्षरांकडे लक्ष वेधायचं आणि साध्या अक्षरांवर हात साफ करायचा.

याचा फटका तपास करणाऱ्या पॉवेललाही बसतो. प्रस्ताव मान्य झाला होता, म्हणजे पैशासाठी खून हा हेतूच कोसळतो आणि मोझ खटला नाकारतो. खरा हेतू राइकच्या नेणिवेत आहे: डिकोर्टनी त्याचा बाप असतो, त्याला टाकून गेलेला. त्या माणसाचा ‘हो’ राइकला वाचताच येत नाही. त्याच्या स्वप्नात येणाऱ्या माणसाला चेहरा नसतो, तोही याच कारणाने.

एखादी जागा कोटी की चूक, असा प्रश्न वाचताना पडला तर त्या पात्राला खुलासा करून सांगितलाय अशी कल्पना करा. कोटी असेल तर ते हसेल किंवा कपाळावर हात मारेल. चूक असेल तर ते वाद घालेल, यादी हातात दिली तरी. मुद्रणदोषाची शंका आली तर पुढचं वागणं तपासा. मुद्रणदोषावर कुणी आपला बेत उभारत नाही. राइक त्या चार अक्षरांवर खुनाचा अख्खा आराखडा उभारतो आणि एकदाही यादी पुन्हा उघडून बघत नाही.