गुन्ह्याची तयारी, प्रयत्न आणि कट

गुन्हा पुरा होण्याआधी तो मनात येतो, मग त्याची तयारी होते आणि मग प्रयत्न. मनात आणल्याबद्दल शिक्षा नाही. तयारीलाही सहसा नाही, कारण माणूस तिथून माघारी फिरू शकतो. प्रयत्नाला आहे, कटात तर दोघांनी ठरवले तरी पुरे. १ जुलै २०२४ पासून या तरतुदी भारतीय न्याय संहितेत आहेत. त्याआधीच्या घटनांना १८६० ची दंड संहिताच लागते. मराठवाड्यात मात्र ती १९५१ मध्ये आली; तोवर हैदराबाद संस्थानाचा स्वतंत्र दंड कायदा चाले.

तयारी कुठे संपली आणि प्रयत्न कुठे सुरू झाला, यावरच बहुतेक वाद होतो. पंजाबबाहेर भात नेण्यावर निर्बंध असताना भाताची पोती घेऊन दिल्लीकडे निघालेला ट्रक हद्दीच्या बऱ्याच अलीकडे अडवला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ती तयारीच मानली. उलट महंमद याकूब खटल्यात (१९८०) चांदीच्या विटा रात्री खाडीकाठी उतरवल्या जात होत्या. तो तस्करीचा प्रयत्न ठरला. फोडलेल्या पेटीत दागिने निघाले नाहीत तरी चोरीचा प्रयत्न होतोच. वेगळी शिक्षा सांगितलेली नसेल तिथे कलम ६२ प्रमाणे मूळ गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या निम्म्यापर्यंत. जन्मठेप त्यासाठी २० वर्षे धरतात.

दरोडा हा तयारीच्या नियमाला अपवाद. तयारीला १० वर्षांपर्यंत, त्यासाठी नुसते जमण्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी (कलम ३१०). धुळे-सोलापूर महामार्गालगत रात्रगस्तीत पकडलेल्या टोळीच्या पंचनाम्यात कत्ती, कटावणी, नायलॉन दोरी, मिरची पूड आणि बिननंबरची दुचाकी ठरलेली. खटला कोसळतो तोही इथेच. दरोड्याला किमान पाच जण लागतात. चौघे सापडले आणि ‘एक अंधारात पळाला’ एवढेच लिहिले, तर त्या पाचव्याचा पुरावा द्यावा लागतो. मिरची पूड आणि दोरी कोणाच्याही घरी असते. पंच नेहमीचेच असले किंवा साक्षीच्या वेळी फितूर झाले, की पोलिसांच्या शब्दाखेरीज हाती काही उरत नाही. आता झडती-जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे आहे. ते नसेल तर बचाव पक्षाचा पहिला प्रश्न तोच.

खुनाचा प्रयत्न, बोलीत ‘हाफ मर्डर’ किंवा ‘तीनशे सात’, आता कलम १०९ मध्ये आहे: १० वर्षांपर्यंत, दुखापत झाली तर जन्मठेपेपर्यंत. बांधाच्या भांडणात हे कलम सर्रास लावले जाते आणि तितक्याच सहज टिकत नाही. न्यायालय हत्यार, घावाची जागा, जोर आणि वार कशामुळे थांबला हे पाहते. कुऱ्हाडीची धार डोक्यावर चालवणे आणि तिचा तुंबा (मागची बोथट बाजू) पिंढरीवर मारणे यांत उद्देशाचाच फरक आहे. दुसऱ्या प्रकरणात बहुधा दुखापतीचे कलम ११८ उरते. जखम जीवघेणी असलीच पाहिजे असे मात्र नाही. नेम चुकलेली गोळीही पुरते. म्हणून ग्रामीण रुग्णालयाच्या किंवा घाटीच्या (छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयाच्या) दाखल्यावर जखमेची लांबी-खोली आणि संभाव्य हत्यार लिहिलेले नसेल, तर फिर्यादीचे नुकसान होते. वैराचे कारण सिद्ध झाले म्हणजे उद्देश सिद्ध झाला, असेही नाही.

फौजदारी कटाचे कलम (आता ६१) जुन्या दंड संहितेत १९१३ मध्ये आले. गुन्हा करायचे ठरले की कट पुरा. नंतर कोणी मागे हटला तरी तो पुसला जात नाही. ठरलेले काम बेकायदा असले तरी गुन्हा नसेल, तर मात्र त्या दिशेने एखादी कृती व्हावी लागते. एकटा माणूस कट करू शकत नाही: टोपनदास खटल्यात (१९५५) बाकीचे सगळे नामनिर्दिष्ट आरोपी सुटल्यावर उरलेल्या एकट्याची कटाबद्दलची शिक्षा टिकली नाही. कटाला थेट साक्षीदार क्वचितच असतो. कॉल रेकॉर्डवरून कोण कोणाशी किती वेळ बोलले एवढेच कळते, काय बोलले ते नाही. शिवाय त्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे विहित प्रमाणपत्र लागते. पोलिसांपुढची कबुली चालत नाही. कट चालू असतानाचे एका आरोपीचे बोलणे इतरांविरुद्ध वापरता येते, अटकेनंतरचे नाही. दोषारोपपत्रात ‘संगनमत करून’ हे शब्द हमखास असतात, पण कुठे, कधी, कोणामध्ये हे नसेल तर त्यांना किंमत नाही.

आत्महत्येच्या प्रयत्नाचे जुने कलम ३०९ नव्या संहितेत नाही. तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयापुढे आत्मदहनाचा प्रयत्न करून अधिकाऱ्याला भाग पाडणे किंवा त्याच्या कामात आडवे येणे एवढेच कलम २२६ खाली उरले आहे; शिक्षा एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. त्यातही अधिकाऱ्यावर दबाव आणण्याचा उद्देश सरकार पक्षालाच सिद्ध करावा लागतो.