पार्श्वभूमी : ऑनलाइन सातबारा आणि विनास्वाक्षरी उताऱ्याचा वाद

केंद्राने १९८८-८९ मध्ये भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणासाठी आठ राज्यांतून एकेक जिल्हा निवडला. महाराष्ट्रातून वर्धा होता. योजना पुढे राज्यभर पसरली, २००८ मध्ये तिची नव्याने आखणी झाली. कर्नाटकात तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपयांत संगणकीय उतारा मिळू लागला होता. आपल्याकडे मात्र बराच काळ संगणक तहसील कचेरीतच राहिला. त्यातली नोंद शेतकऱ्याला स्वतः उघडून बघता येत नव्हती.

त्या काळाने मागे ठेवलेला सर्वात त्रासदायक वारसा म्हणजे दुहेरी दप्तर. संगणकात माहिती भरली गेली, पण तलाठी फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलाच्या नोंदी, हातानेच नोंदवत राहिले आणि संगणकातली प्रत सवडीने सुधारली जायची. खरेदी, वारस, वाटप, सोसायटीच्या कर्जाचा बोजा अशा प्रत्येक नोंदीगणिक दोन्ही प्रतींतले अंतर वाढले. एकाच गटाचे दोन सातबारे, दोन्हींवर वेगळी नावे, अशी प्रकरणे त्यातूनच उभी राहिली.

ई-फेरफार प्रणालीने हा दुहेरीपणा मोडायचे ठरवले. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की त्याची माहिती थेट महसूल यंत्रणेकडे येते, तलाठी फेरफार धरून हितसंबंधितांना नोटीस काढतो, हरकतीसाठी १५ दिवस जातात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर अंमल होतो. ही साखळी चालायची तर मूळ माहिती निर्दोष हवी, आणि तिथेच घोडे अडले. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळेना. एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर करताना आकडे चुकले होते. एकाच माणसाची दोन-तीन खाती होती, गटाची वाटणी होऊन पोटहिस्सा पडूनही मूळ गट चालूच होता, विक्रीवर बंधन असलेली वर्ग २ ची जमीन बंधनमुक्त वर्ग १ मध्ये गेली होती. मूळ हस्तलिखिताशी ताडून हे दुरुस्त करायला एडिट आणि मग री-एडिट अशी दोन मॉड्यूल द्यावी लागली. २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झाले, म्हणजे नोंदी गावकऱ्यांपुढे वाचून दाखवल्या गेल्या. राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत, यावरून कामाचा पसारा कळावा.

वाद पेटला तो या दुरुस्त्या चालू असताना सातबारा सर्वांना फुकट पाहायला खुला ठेवण्यावरून. संकेतस्थळावर महसूल विभाग, जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक निवडला की उतारा दिसायचा. मात्र ही माहिती शासकीय वा कायदेशीर कामासाठी वापरता येणार नाही, अशी सूचना सोबत असे. टीका दोन बाजूंनी झाली. चुकीची नोंद जगापुढे मांडल्याने भांडणे वाढतील, शिवाय कोणाच्या जमिनीवर किती बोजा आहे हे कोणालाही दिसेल, असे एका बाजूचे म्हणणे. जो उतारा बँकेत चालत नाही तो काय कामाचा, असे दुसऱ्या बाजूचे.

पहिल्या आक्षेपात गोपनीयतेचा मुद्दा आहे आणि तो खरा आहे. जमिनीच्या दलालांनाही हीच सोय झाली. पण अधिकार अभिलेख, म्हणजे जमिनीवरील हक्कांच्या नोंदी, हे खासगी कागद कधीच नव्हते. नकाशे व भूमी अभिलेख लोकांना पाहता यावेत, ही तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातच आहे. बदलले ते एवढेच, की त्यासाठी तलाठ्याची गाठ पडण्याची वाट बघावी लागेना. आणि चुका सापडल्या त्याही याच वाटेने. बेरीज न जुळणारे गट प्रणाली काढून देऊ शकते. आजीचे नाव वारसांतून गळले आहे किंवा फेडलेल्या कर्जाचा बोजा अजून दिसतो आहे, हे मात्र घरच्या माणसालाच कळते. पुणे-मुंबईत नोकरी करणाऱ्यांनी गावचा उतारा प्रथम पाहिला आणि त्याच अधिनियमाच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद (लिहिण्यातली चूक) दुरुस्तीचे अर्ज केले. दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत दप्तर झाकून ठेवले असते, तर ती दुरुस्ती पुन्हा एकट्या तलाठ्याच्या नजरेवर राहिली असती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार होता. याच अधिनियमाच्या कलम १५७ प्रमाणे प्रमाणित नोंद खरी आहे असे गृहीत धरले जाते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. हे गृहीतक नोंदीला आहे. पडद्यावरून छापलेला, सही नसलेला कागद त्या नोंदीची अधिकृत नक्कल ठरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० पासून डिजिटल सहीला मान्यता दिली होती, त्यामुळे मार्ग उपलब्ध होता. पण चुकीच्या उताऱ्यावर सही करून जबाबदारी कोण घेणार, या प्रश्नात वर्षे गेली.

१ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. पुढे त्यासाठी १५ रुपये शुल्क ठरले. त्यावर १६ अंकी पडताळणी क्रमांक असतो. उतारा घेणाऱ्या बँकेने वा कार्यालयाने तो संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत पाहायची असते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पडताळणी न करताच तलाठ्याचा शिक्का मागितला जात राहिला, आणि सगळ्या खटाटोपाचा हेतूच हुकला.

२०२० मध्ये उताऱ्याच्या नमुन्यात बदल झाले, ते वाचताना माहीत हवेत. कमी केलेली नावे व बोजे पूर्वी कंसात असत, आता त्यांवर आडवी रेघ असते. लागवडीयोग्य आणि पोटखराब (लागवडीला अयोग्य) क्षेत्र वेगळे दाखवून खाली बेरीज दिली जाते. प्रलंबित फेरफार आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक इतर हक्कांच्या रकान्यात शेवटी असतो; जमीन घेणाऱ्याने आधी तिथे पाहावे. बिनशेतीच्या उताऱ्याला नमुना बारा, म्हणजे पिकांच्या नोंदीचा भाग, लागत नाही. जुने फेरफार क्रमांक वेगळ्या चौकटीत असतात, पण तिथे फक्त आकडे मिळतात. त्यांमागची हकीकत वाचायची तर जुने फेरफार रजिस्टर काढावे लागते, स्कॅन झालेले असेल तर पडद्यावर, नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात.