नगरपालिकेच्या छोट्या विमानतळावर विमान उडवायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि तिथले नियम

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. अशा विमानतळावर तुमचं काम दोन वेगळ्या खिडक्यांवर असतं. हवेतलं सगळं, म्हणजे लायसन्स, मेडिकल, विमानाचा फिटनेस, कोणी कोणाला वाट द्यायची, हे देशाच्या विमान वाहतूक खात्याकडे. आणि जमिनीवरचं, म्हणजे पार्किंग, हँगर (विमान ठेवायची शेड), इंधन, गेटचा कोड, इन्शुरन्स, धंदा करायची परवानगी, हे विमानतळाच्या मालकाकडे म्हणजे नगरपालिकेकडे. लायसन्स आहे म्हणून हँगर मिळत नाही आणि हँगर आहे म्हणून उडता येत नाही. अशी गावाच्या मालकीची, कंट्रोल टॉवर नसलेली विमानतळं अमेरिकेत भरपूर आहेत, त्यामुळे खालचे आकडे एफएए, म्हणजे तिथलं विमान वाहतूक खातं, त्याच्या नियमांचे धरलेत. दुसऱ्या देशात सांगाडा साधारण असाच असतो पण आकडे वेगळे, ते तिथलेच बघा.

आधी माणसाची पात्रता. एकट्याने विमान उडवायला, म्हणजे सोलोला, वय किमान १६ आणि प्रायव्हेट पायलट सर्टिफिकेटला १७. इंग्रजी वाचता, लिहिता, बोलता आणि समजता यायला हवं. किमान ४० तास उड्डाण, त्यातले २० इन्स्ट्रक्टरसोबत आणि १० सोलो, पण हे किमान आहे हे लक्षात ठेवा, बहुतेकांना जास्तच लागतात, बजेट त्या हिशोबाने काढा. लेखी परीक्षा, मग तोंडी आणि प्रत्यक्ष उड्डाणाची परीक्षा, जिला सगळे चेकराइड म्हणतात. अर्ज आयाक्रा नावाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, स्टुडंट पायलटचा पण तिथूनच, आणि इन्स्ट्रक्टर तुमचा फोटो आयडी बघून तो पुढे पाठवतो. तुम्ही त्या देशाचे नागरिक नसाल तर विमानातलं ट्रेनिंग सुरू होण्याआधी टीएसए या तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याची मंजुरी लागते, पासपोर्ट, बोटांचे ठसे आणि फी यासकट, त्यामुळे हे काम सगळ्यात आधी सुरू करा, क्लासची फी भरून मग मंजुरीची वाट बघत बसू नका.

मेडिकलचा फॉर्म मेडएक्सप्रेस नावाच्या पोर्टलवर भरायचा, मग एफएएने नेमलेल्या डॉक्टरकडे जायचं. हौशी पायलटला थर्ड क्लास, म्हणजे सगळ्यात खालच्या दर्जाचं मेडिकल पुरतं. तपासणीच्या दिवशी वय ४० च्या आत असेल तर ते ६० महिने चालतं, ४० च्या पुढे २४ महिने. चालू औषधं, जुनी ऑपरेशन्स, सगळं खरं लिहा. एखाद्या आजारामुळे मेडिकल अडकलं तर जादा कागद देऊन बऱ्याचदा मार्ग निघतो, पण लपवलेलं उघड झालं तर सर्टिफिकेट जातंच आणि वर कायद्याचं लफडं मागे लागतं.

प्रायव्हेट सर्टिफिकेटवर पैसे घेऊन कोणाला फिरवता येत नाही. मित्रांसोबत इंधन, ऑइल, विमानतळाची फी आणि विमानाचं भाडं एवढंच वाटून घेता येतं, आणि त्यातही तुमचा वाटा तुम्ही भरायचाच. सर्टिफिकेटला एक्सपायरी नाही, पण दर २४ महिन्यांत इन्स्ट्रक्टरसोबत फ्लाइट रिव्ह्यू लागतो, आणि कोणाला सोबत न्यायचं असेल तर मागच्या ९० दिवसांत ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग झालेली असावी लागतात, रात्रीसाठी ती रात्रीच आणि प्रत्येक वेळी पूर्ण थांबून केलेली. दारूच्या घोटानंतर ८ तास उडायचं नाही, आणि ८ तास होऊनही अंगात अंमल असेल तरी नाही.

आता विमानाचे कागद. आत कायम असायला हवेत ते असे: एअरवर्दीनेस म्हणजे विमानाच्या फिटनेसचं सर्टिफिकेट (हे तर दिसेल असं लावलेलं हवं), रजिस्ट्रेशन, त्या विमानाच्या मर्यादा सांगणारं मॅन्युअल आणि वजन-तोलाचा हिशोब. देशाबाहेर जायचं असेल तर रेडिओ स्टेशन लायसन्स पण. रजिस्ट्रेशन २०२३ पासून ७ वर्षांचं झालंय, आधी ३ वर्षांचं होतं, त्यामुळे सेकंडहँड विमान घेताना तारीख नीट बघा. वर्षातून एकदा अॅन्युअल इन्स्पेक्शन, आणि विमानातून पैसे घेऊन माणसं नेत असतील किंवा पैसे घेऊन शिकवणारा इन्स्ट्रक्टरच विमान देत असेल तर दर १०० तासांनी वेगळं. मेंटेनन्सची लॉगबुकं मात्र विमानात ठेवू नका, तशी सक्ती नाही आणि विमानाला काही झालं तर त्यासोबत तीही जातील, आणि लॉगबुक नसलेल्या विमानाची किंमत बाजारात धाडकन खाली येते. तुमच्या खिशात तीन गोष्टी: पायलट सर्टिफिकेट, मेडिकल, सरकारी फोटो आयडी.

दुसरी खिडकी, नगरपालिका. इथे अर्ज एअरपोर्ट मॅनेजरकडे जातो. छोट्या गावात मॅनेजर म्हणजे कधी कधी पालिकेचाच एखादा कर्मचारी, ज्याच्याकडे अजून चार खाती असतात, तेव्हा फोन करून वेळ ठरवूनच जा. टाय-डाउन म्हणजे उघड्यावर दोरखंडाने बांधून ठेवायची जागा, ती सहसा लगेच मिळते. हँगरला वेटिंग लिस्ट असते, कधी कधी काही वर्षांची, म्हणून विमान घ्यायच्या आधीच नाव घालून ठेवा. अर्जाला साधारणपणे रजिस्ट्रेशनची कॉपी, आयडी, इमर्जन्सी कॉन्टॅक्ट, डिपॉझिट आणि इन्शुरन्स सर्टिफिकेट लागतं. घोडं अडतं ते इन्शुरन्सपाशी. खाजगी विमानाला केंद्राच्या कायद्याने इन्शुरन्सची सक्ती नाही, पण भाडेकरारात पालिका तो मागते आणि पॉलिसीत पालिकेचं नाव जादा विमाधारक म्हणून टाकायला लावते. एजंटला हे आधीच सांगा, नाहीतर नुसती पॉलिसी घेऊन गेलात की अर्ज परत येतो. हँगर विमानासाठीच वापरायचा, घरचं फर्निचर ठेवायचं गोडाऊन म्हणून नाही, केंद्राचं अनुदान घेतलेल्या विमानतळावर तर याची तपासणी पण होते. आणि शिकवणं, दुरुस्ती, चार्टर, इंधन विक्री, यातलं काही पैसे घेऊन करायचं असेल तर वेगळा करार लागतो. त्यासाठी पालिकेची मिनिमम स्टँडर्ड्स नावाची पुस्तिका असते, जागा किती, इन्शुरन्स किती, माणसं किती, सगळं त्यात असतं. ती मागून घ्या आणि खरंच वाचा.

जमिनीवरचे नियम बहुतेक ठिकाणी सारखे. इंजिन चालू करताना कंट्रोलवर माहितगार माणूस बसलेलाच हवा, आणि पंखा हाताने फिरवून स्टार्ट करत असाल तर चाकांना चॉक म्हणजे अडणी लावा नाहीतर विमान बांधून ठेवा. हे लोक घाईत टाळतात आणि मग बिनपायलटचं विमान समोरच्या रांगेत घुसतं. शेपटी हँगरच्या उघड्या दाराकडे किंवा माणसांकडे करून इंजिन रेस करायचं नाही. पंखा बंद असला तरी तो कधीही फिरेल असंच समजून लांब राहायचं, लहान मुलं सोबत असतील तर हात धरून. इंधन भरताना इंजिन बंद, विमान आणि पंप वायरने जोडलेले, आसपास सिगारेट नाही. पिस्टन इंजिनाला १०० एलएल नावाचं विमानाचं पेट्रोल, ज्याचा रंग निळा, आणि जेट इंजिनाचं जेट ए जवळजवळ रंगहीन. पिस्टन विमानात जेट ए गेलं तर इंजिन टेकऑफच्या आसपास साथ सोडू शकतं, म्हणून भरून झाल्यावर थोडं काढून रंग, पाणी आणि कचरा बघायचाच, दुसऱ्याने भरलं असेल तर जास्तच.

गाडी आत न्यायची तर पालिकेचा परवाना, आणि वाट कायम विमानाला द्यायची. रनवेच्या आधी पिवळ्या रेषा दिसतील, दोन अखंड आणि दोन तुटक. अखंड रेषांच्या बाजूला तुम्ही असाल तर तिथेच थांबा. दोन्हीकडे आणि वर लँडिंगच्या दिशेला नजर टाका, रेडिओवर सांगा, मगच आत. पिवळा मोठा फुलीचा खूण रनवेच्या टोकाला असेल तर तो बंद आहे, तिथे उतरायचं नाही. आणि ही गोष्ट नोटॅममध्ये, म्हणजे पायलटसाठीच्या अधिकृत सूचनेत, आधीच आलेली असते, निघण्यापूर्वी नोटॅम, हवामान आणि रनवेची लांबी बघणं कायद्यानेच बंधनकारक आहे. इंधन दिवसा मुक्कामापर्यंत अधिक ३० मिनिटं, रात्री ४५.

टॉवर नाही म्हणजे परवानगी देणारं कोणी नाही, पण नियम आहेत. साधारण १० मैलांवरून रेडिओवर बोलायला लागा, विमानतळाचं नाव सुरुवातीला पण आणि शेवटी पण, कारण तीच फ्रिक्वेन्सी शेजारच्या विमानतळांवरही चालते आणि अर्धं बोलणं कापलं गेलं तर कळायला हवं कोणत्या रनवेबद्दल चाललंय. आजूबाजूला कोण आहे सांगा, अशी हाक देऊ नका, एफएए स्वतःच नको म्हणते, त्याने नुसती फ्रिक्वेन्सी अडते. तुम्ही कुठे आहात आणि काय करणार ते सांगा, बस. महत्त्वाचं हे की अशा बऱ्याच विमानतळांवर रेडिओ नसलेलं विमान पण कायदेशीर असतं, म्हणजे रेडिओवर शांतता आहे याचा अर्थ आकाश मोकळं आहे असा नाही. डोळे बाहेर.

वळणं डावीकडे, उजवीकडे अशी खूण किंवा चार्टवर (उड्डाणाच्या नकाशावर) नोंद असेल तरच उजवीकडे. सर्किटची, म्हणजे उतरण्याआधी रनवेभोवती मारायच्या ठरलेल्या फेरीची, उंची पिस्टनला साधारण जमिनीपासून १००० फूट. विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) बघून वाऱ्याच्या तोंडावरचा रनवे धरा. उतरणाऱ्या विमानाला जमिनीवरच्या आणि हवेतल्या दोघांनी वाट द्यायची, दोघं उतरत असतील तर खालच्याचा हक्क, पण तो हक्क वापरून दुसऱ्याच्या पुढे घुसायचं नाही. संकटात असलेल्या विमानाला सगळे वाट देतात. सरळ लांबून आत येणं बेकायदेशीर नाही, पण सर्किटमधल्यांना हुसकावून नको. हेलिकॉप्टरने इतर विमानांच्या रांगेपासून बाजूला राहायचं. रात्री दिवे बंद दिसले तर घाबरू नका, बऱ्याच ठिकाणी माइकचं बटण ५ सेकंदांत ७ वेळा दाबलं की ते पूर्ण उजेडाने लागतात, ५ वेळा मध्यम, ३ वेळा मंद, आणि साधारण १५ मिनिटं राहतात.

अपघात झाला तर एनटीएसबीला, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या केंद्राच्या संस्थेला, ताबडतोब कळवायचं, लेखी रिपोर्ट १० दिवसांत. माणसं वाचवायला किंवा पुढचं नुकसान टाळायला हलवावं लागलं तर ठीक, नाहीतर विमान जसं आहे तसंच ठेवा. पालिकेला वेगळं सांगायचं, रनवेचा दिवा मोडला तरी सांगा, कारण नोटॅम त्यांनी टाकायचा असतो.

अर्ज नाकारला तर आधी कारण लेखी मागा. केंद्राचं अनुदान घेतलेल्या विमानतळाला विनाकारण भेदभाव करता येत नाही, तशी हमी त्यांनी अनुदान घेतानाच दिलेली असते. पालिकेच्या सभेत तोडगा निघाला नाही तर एफएएच्या स्थानिक एअरपोर्ट्स ऑफिसकडे आधी केंद्राच्या विमान नियमांतल्या पार्ट १३ खाली अनौपचारिक तक्रार करता येते, आणि तेवढ्याने भागलं नाही तर पार्ट १६ खाली औपचारिक. सोबत अर्जाची कॉपी, इन्शुरन्स सर्टिफिकेट, पालिकेचं उत्तर आणि मिनिमम स्टँडर्ड्सची पुस्तिका जोडा.