गिरणीच्या फाटकाबाहेरचे कायदे

वऱ्हाडातल्या शेतात वेचलेल्या कापसाचे सूत नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये १८७७ पासून निघू लागले. सामाजिक सुरक्षेचे कायदे मात्र दीर्घकाळ गिरणीच्या फाटकाच्या आतच राहिले. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा, १९३० चा मध्य प्रांताचा प्रसूती लाभ कायदा, १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आणि १९५२ चा भविष्यनिर्वाह निधीचा कायदा या साऱ्यांची मांडणी ठरलेला मालक, हजेरीपट आणि पगार गृहीत धरूनच झाली. पाडव्याला तोंडी ठरणारा सालगडी आणि किलोवर मजुरी घेणारी वेचणारी बाई या चौकटीत बसणे कठीणच होते.

संविधानाने उद्दिष्ट व्यापक ठेवले. अनुच्छेद ४१ मध्ये काम, शिक्षण आणि वार्धक्य, आजारपण व बेकारीतील साहाय्य यांचा उल्लेख आहे. पण ही मार्गदर्शक तत्त्वे असल्याने अनुच्छेद ३७ नुसार त्यांच्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. सामाजिक सुरक्षा हा विषय समवर्ती सूचीत असल्याने केंद्र आणि राज्य दोघेही त्यावर कायदे करू शकतात, आणि महाराष्ट्राने ही मोकळीक खरोखर वापरली.

१९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने हक्क ठरली. इंग्रजी अमलातील दुष्काळी कामे सरकारच्या मर्जीवर उघडत आणि बंद होत. इथे मागेल त्याला काम देणे शासनावर बंधनकारक झाले. या योजनेच्या खर्चासाठी व्यवसाय कर बसवण्यात आला, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या वेतनातून खेड्यातल्या मजुरीची तरतूद झाली. एवढी उघड देवाणघेवाण आपल्या कायद्यांत क्वचितच दिसते. पुढे २००५ मध्ये केंद्रानेही ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी देणारा कायदा केला.

प्रसूती लाभाला याहून उशीर झाला. गिरणीतल्या बाईला १९३० मध्ये मिळालेला हक्क शेतात राबणाऱ्या बाईपर्यंत २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने, किमान ६,००० रुपयांच्या तरतुदीने पोहोचला. २०१७ च्या योजनेने ती रक्कम पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपयांवर आणली.

नऊ जुने कायदे एकत्र करणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हा भेद उरलाच आहे: संघटित कामगाराची वर्गणी आणि लाभ कायद्यातच लिहिलेले आहेत, तर असंघटितांसाठी सरकारांनी वेळोवेळी योजना आखावयाच्या आहेत.