फासणीपासून खोकेपर्यंत: ‘गॅश’ची वाट

बोटाला कापतं, गुडघ्याला खरचटतं, पण डोक्याला खोक पडते. खरचटण्यात कातडीचा फक्त वरचा थर जातो. खोकेत कातडी आरपार उघडते, कडा एकमेकींपासून दूर होतात आणि टाके घालावे लागतात. या खोकेला इंग्रजीत ‘गॅश’ म्हणतात. शब्द मुळात मात्र उथळ, मुद्दाम केलेल्या छेदांचा होता.

उत्तर फ्रान्समधल्या जुन्या फ्रेंचमध्ये ‘गार्से’ म्हणजे फासण्या मारणं. रक्त काढण्यासाठी वैद्य कातडीवर बारीक चिरा देत आणि त्यावर तुंबडी लावत. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत याच क्रियेला ‘प्रच्छान’ म्हटलं आहे. छेद सरळ हवेत, एकमेकांत मिसळू नयेत, फार खोल जाऊ नयेत आणि मर्म, शिरा, स्नायू, सांधे यांना धक्का लागू नये, असं तिथे बजावलेलं आहे.

मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द ‘गार्स’ झाला. सोळाव्या शतकात त्यातला ‘र’ गळाला, शेवटच्या ‘स’चा ‘श’ झाला आणि ‘गॅश’ उरला. ‘स’च्या आधीचा ‘र’ इंग्रजीत इतरत्रही असाच गळतो: ‘कर्स’चं ‘कस’ झालं, ‘बर्स्ट’चं ‘बस्ट’. पुढे वैद्याची फासणी विसरली गेली आणि अपघाताची खोल जखम तेवढी राहिली.

आणखी मागे गेलं तर ग्रीक ‘खरास्सेइन’ लागतो, म्हणजे कोरणं. त्यावरूनच ‘खरक्तेर’ आला: नाण्यावर छाप उठवणारा ठसा, मग ती छाप, मग माणसाच्या स्वभावाची खूण. आपण रोज वापरतो तो ‘कॅरॅक्टर’ हाच. म्हणजे हे दोन शब्द सख्खे भाऊबंद आहेत, आणि शब्दांच्या वंशावळीतलं इतकं देखणं नातं क्वचितच सापडतं.

दवाखान्याच्या केसपेपरला मात्र ‘गॅश’ पुरत नाही, कारण जखम कशाने झाली हे तो सांगत नाही. धारेने झालेली जखम खोलीपेक्षा लांब असते, भोसकलेली लांबीपेक्षा खोल. फसगत होते ती डोक्यावर. तिथे कातडीखाली लगेच हाड असल्याने दगडाच्या माराने ती सुरीने कापल्यासारखी सरळ फाटते. भिंग धरलं की फरक कळतो: दगडाच्या जखमेच्या कडा चेचलेल्या असतात, तळाशी न तुटलेले धागे आडवे ताणलेले असतात आणि केस मुळाशी ठेचलेले असतात. सुरीने ते स्वच्छ कापले जातात.