किंटोर : वाळवंटातल्या गावाचा कारभार कोणी चालवायचा?

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्जपासून पश्चिमेला सुमारे ५३० किलोमीटरवर किंटोर आहे. तिथल्या लोकांच्या बोलीत वालुंगुरू. हे गाव सरकारने वसवलेलं नाही. पिंटुपी हे इथले आदिवासी लोक १९८१ मध्ये आपल्या मुलखात परतले आणि त्यांनी ते उभं केलं. कारभाराचा प्रश्न निघाला की तिथली माणसं इतकी तळमळीने का बोलतात, ते इथूनच कळतं.

त्याआधीची वर्षं पापुन्यात गेली. वेगवेगळ्या भाषांच्या आदिवासींना सरकारने त्या वसाहतीत एकत्र आणलं होतं. जमीन दुसऱ्यांची, जेवण सामायिक भोजनगृहातलं, निर्णय गोऱ्या अधिकाऱ्याचे. तिथेच १९७१ मध्ये, चित्रकला शिक्षक जेफ्री बार्डन यांच्या प्रोत्साहनाने, जाणत्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची पूर्वजकथा रंगवली. पुढच्याच वर्षी ‘पापुन्या तुला’ ही चित्रकारांच्या स्वतःच्या मालकीची कंपनी निघाली. १९७६ च्या कायद्याने नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशात (किंटोर त्यातच येतं) आदिवासींना जमिनीवरचा हक्क मिळवण्याची वाट खुली झाली, तशी परतीची ओढ वाढली.

किंटोरची स्वतःची कौन्सिल होती. मग २००७ मध्ये केंद्र सरकारचा ‘हस्तक्षेप’ आला. वंशभेदविरोधी कायदा बाजूला ठेवून वस्त्यांच्या जमिनी पाच वर्षांच्या सक्तीच्या भाडेपट्ट्यावर घेतल्या, लोकांच्या सरकारी भत्त्यातली निम्मी रक्कम कशावर खर्चायची यावर बंधन घातलं. २००८ मध्ये टेरिटरी सरकारने गावोगावच्या कौन्सिली मोठ्या शायरमध्ये, म्हणजे अनेक गावांच्या एकत्रित प्रशासकीय विभागांत, विलीन केल्या. किंटोर मॅकडॉनेल शायरमध्ये गेलं आणि त्याचं मुख्यालय अ‍ॅलिस स्प्रिंग्जला. २०१४ पासून गावपातळीवर स्थानिक समिती आहे, पण ती मुख्यतः सल्ला देते. माझ्या मते गेलेली कौन्सिल त्याने परत येत नाही.

डायलिसिसचं काम मात्र लोकांनी स्वतः उभं केलं. मूत्रपिंडं निकामी झालेल्या म्हाताऱ्यांना उपचारासाठी अ‍ॅलिस स्प्रिंग्जलाच राहावं लागे, नातवंडांपासून आणि आपल्या भूमीपासून दूर. तेव्हा किंटोर आणि किविरकुरा या दुसऱ्या पिंटुपी गावातल्या स्त्रीपुरुषांनी चार मोठी सामूहिक चित्रं काढली. नोव्हेंबर २००० मध्ये सिडनीत झालेल्या लिलावातून दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी राहिली, आणि २००४ मध्ये किंटोरमध्येच डायलिसिस सुरू झालं. हे काम चालवणाऱ्या संस्थेच्या पिंटुपी नावाचा अर्थ आहे, ‘आपल्या सगळ्या माणसांना बरं करणं’.