ओएफडी टाइप १ की मोर सिंड्रोम?

बाळ भोकाड पसरून रडतं, तेव्हाच त्याची जीभ नीट दिसते. जिभेचं टोक एकसंध नाही, त्याच्या दोन-तीन पाकळ्या झाल्यात. जिभेखाली एक बारीक पडदा असायला हवा, तिथे जाडजूड पट्ट्या, काही तर ओठापासून हिरडीपर्यंत ताणलेल्या. टाळू फाटलेली. हाताची बोटं आखूड, एखादं वाकडं, दोन एकमेकांना चिकटलेली. अशा वेळी कागदावर 'ओरल-फेशियल-डिजिटल सिंड्रोम', थोडक्यात ओएफडी, असं लिहून येतं आणि घरचे शोधाशोध करायला बसतात. पण हा एक आजार नाही. त्याचे डझनभराहून जास्त प्रकार आहेत, आणि गल्लत होते ती बहुतेकदा पहिल्या दोघांत.

टाइप २ म्हणजे मोर सिंड्रोम. पक्ष्याशी संबंध नाही. ओटो मोर हे नॉर्वेचे शास्त्रज्ञ, त्यांनी १९४१ साली त्याचं वर्णन केलं. टाइप १ चं वर्णन फ्रान्समध्ये झालं ते १९५४ साली. म्हणजे दुसरा आधी सापडला आणि पहिला नंतर. आकड्यांवरून काही ठरवायला जाऊ नका.

जिभेवरून दोघं वेगळे करणं अवघडच. पाकळ्या आणि मऊ गाठी दोन्हीकडे असतात. त्यापेक्षा पायाचे अंगठे बघावेत. मोरमध्ये दोन्ही पायांचे अंगठे दुहेरी असतात. कधी वरून नुसते रुंद दिसतात आणि एक्स-रेमध्ये आतली जोडी कळते. टाइप १ मध्ये अंगठा दुहेरी असलाच तर बहुधा एकाच पायाचा. मोरमध्ये मधल्या कानाच्या हाडांत दोष असल्यामुळे ऐकू कमी येऊ शकतं, म्हणून श्रवणचाचणी लवकर हवी. नाकाचं टोकही दुभंगलेलं असू शकतं.

टाइप १ ची खूण त्वचेवर असते. चेहऱ्यावर आणि कानाच्या पाळीवर बारीक पांढऱ्या पुळ्या, केस कोरडे आणि विरळ. मोरमध्ये हे नसतं. अडचण अशी की या पुळ्या साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत निघून जातात. पाच वर्षांच्या मुलीला तपासायला नेताना तिचे तान्हेपणीचे फोटो बरोबर न्यावेत, कानाचे जवळून काढलेले असतील तर उत्तमच.

एवढा काथ्याकूट कशासाठी, तर पुढच्या बाळासाठी. टाइप १ चा दोष एक्स गुणसूत्रावरच्या ओएफडी१ या जनुकात असतो. पेशींवर केसासारखे सूक्ष्म तंतू असतात, सिलिया. त्यांच्या बुडाशी या जनुकाचं प्रथिन काम करतं. मुलीकडे दुसरा, धड एक्स असतो, म्हणून ती जगते. मुलग्याकडे एकच एक्स. असा गर्भ बहुधा जन्मापर्यंत टिकत नाही. त्यामुळे टाइप १ जवळजवळ फक्त मुलींमध्ये दिसतो. आईलाच टाइप १ असेल तर जन्मणाऱ्या बाळांत साधारण एक तृतीयांश बाधित मुली, एक तृतीयांश निरोगी मुली आणि एक तृतीयांश निरोगी मुलगे, असा हिशोब पडतो. मात्र सुमारे ७५ टक्के मुलींमध्ये बदल नव्याने झालेला असतो, घराण्यात काहीच नसतं. तेव्हा 'कुणाकडून आलं' ही उखाळीपाखाळी करण्यात अर्थ नाही.

मोरचं गणित साफ वेगळं. आई-वडील दोघंही निरोगी वाहक, दोघांकडून एकेक सदोष प्रत आली तरच आजार, आणि प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के. मुलगा-मुलगी असा भेद नाही. म्हणूनच जिवंत जन्मलेल्या मुलग्यात ही लक्षणं दिसली, तर टाइप १ पेक्षा मोर किंवा दुसरा एखादा प्रकार आधी तपासावा.

माझ्या मते मात्र खरी काळजी किडनीची आहे. मोरमध्ये किडनी बहुधा सुटते. टाइप १ मध्ये वय वाढेल तसे किडनीत पाण्याने भरलेले फोड होतात, त्यातून रक्तदाब वाढतो, काही जणींची किडनी निकामीही होते. ओठ-टाळूची ऑपरेशनं होऊन गेली, मुलगी शाळेत रमली, की हे सगळे विसरतात. रक्तदाब, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्तचाचणी) आणि सोनोग्राफी ही तपासणी तिला मोठेपणीही लागते.

आणि ती फक्त तिलाच लागते असं नाही. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद असतो, कुठला ते पेशीगणिक बदलतं. त्यामुळे एकाच घरात लेकीला सगळं ठळक आणि आईला जेमतेम, असं होतं. लेकीचं निदान झाल्यावर आईची जनुकीय चाचणी करतात, ती पॉझिटिव्ह येते, मग तिच्याही किडनीची सोनोग्राफी होते. तोवर तिला एवढंच ठाऊक असतं, की लहानपणी आपली जीभ चिकटलेली होती आणि ती कापून सोडवली होती.